मागे सरलं, पण संपलं नाही

बारशाला गेलं की पाळण्याभोवती एक खेळ हमखास रंगतो. नाक कुणाचं, कपाळ कुणाचं, कान कुणावर गेलेत! बाळाचे डोळे घारे निघाले आणि घरात कुणाचेच तसे नसले, की मग शोध थेट जुन्या अल्बमपर्यंत जातो. शेवटी एखादी म्हातारी आत्याबाई सांगते, की अगं, आमच्या आजीचे अस्सेच होते. मग सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

कधीकधी मात्र तो पडत नाही. आत्याबाईंना काही आठवत नाही, अल्बममध्ये काही सापडत नाही, आणि मग नजरा हळूच वळतात त्या सुनेकडे. बाळ आजारी निघालं तर विचारायलाच नको. आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं, हे तिच यायचं बरोबर घेऊन, असं कुणीतरी बोलून मोकळं होतं.

मैत्रिणींनो, या सगळ्या कुजबुजीला उत्तर देणारा एक शब्द आहे. इंग्रजीत त्याला रिसेसिव्ह म्हणतात. आपल्या मराठी पुस्तकांत तो ‘अप्रभावी’ म्हणून भेटतो, आणि त्याच्या जोडीला असतो ‘प्रभावी’, म्हणजे डॉमिनंट. तालुक्याच्या शाळेत मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. हा शब्द फळ्यावर लिहिला की मुलांच्या डोक्यात ठरलेला अर्थ उभा राहायचा. प्रभावी म्हणजे भारी, अप्रभावी म्हणजे दुबळं, कमअस्सल. खरं तर मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आहे मागे सरणारा. हरलेला नाही, संपलेलाही नाही. नुसता मागे सरलेला! हा फरक नीट कळायचा असेल, तर ज्यानं हे दोन शब्द आनुवंशिकतेत आणले त्या माणसाची गोष्ट ऐकायला हवी.

त्याचं नाव ग्रेगोर मेंडेल. पण जन्माचं नाव योहान. 1822 च्या जुलै महिन्यात ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या हाइन्झेनडॉर्फ नावाच्या लहानशा खेड्यात तो जन्मला. आज ते गाव चेक प्रजासत्ताकात आहे. वडील अँटन शेतकरी, आई रोझिना एका माळ्याची मुलगी. थोरली बहीण व्हेरोनिका, धाकटी थेरेसिया, आणि मधे हा एकुलता एक मुलगा. शेत स्वतःचं असलं तरी वडिलांना आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराकडे वेठीला जावं लागायचं. उरलेल्या वेळात फळझाडांची कलमं करण्याचा त्यांना नाद होता. योहानच्या हाताला मातीची आणि कलमांची सवय लागली ती तिथंच.

पोरगा हुशार होता. गावच्या मास्तरांनी आईवडिलांना समजावून त्याला पुढं शिकायला पाठवलं. पण परिस्थिती अशी, की बाहेरगावी त्याच्या जेवणाचे पुरे पैसे भरणंही जमेना. अर्ध्या खर्चावर भागवायचं आणि गावाकडून कुणी येणारं असलं की त्याच्या हाती पाव-लोणी पाठवायचं, असं चाललं होतं. आपल्याकडे शिकायला ठेवलेल्या मुलासाठी एसटीनं डबा पाठवणाऱ्या आयांना हे वेगळं सांगायला नको.

त्यातच 1838 मध्ये वेठीच्या कामावर वडिलांच्या अंगावर झाडाचा ओंडका कोसळला. जीव वाचला, पण शेतीची कामं पहिल्यासारखी होईनात. सोळा वर्षांचा योहान शिकवण्या करून स्वतःचं भागवू लागला. उपासमार आणि काळजी यांनी तो आजारी पडला, काही महिने घरी येऊन अंथरुणाला खिळला. वडिलांनी अखेर शेती मोठ्या जावयाच्या हवाली केली. धाकट्या थेरेसियाच्या लग्नासाठी म्हणून त्यातून एक हिस्सा राखून ठेवला होता. आता बघा हं, आपल्याकडे मुलाच्या शिक्षणाचा खर्च काढायचा म्हणून मुलीचं शिक्षण थांबवतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. इथं त्या धाकट्या बहिणीनं आपल्या हुंड्याच्या वाट्यातला काही भाग भावासाठी सोडून दिला. त्या पैशावर योहान ओलोमोत्सच्या संस्थेत पुढं शिकू शकला.

पण पुढं काय? पैसा तर संपलेलाच. एका प्राध्यापकांच्या शिफारशीनं तो 1843 मध्ये ब्रुन शहरातल्या सेंट थॉमस मठात दाखल झाला. आजचं ब्रनो. तिथं त्याला नवं नाव मिळालं, ग्रेगोर. दोन वेळच्या जेवणाची चिंता मिटली आणि मठातलं ग्रंथालय, बाग, अभ्यासू सोबती असं सगळं हाताशी आलं. धर्मगुरू म्हणून आजाऱ्यांच्या, मरणाऱ्यांच्या उशाशी जायचं काम मात्र त्याला झेपेना. दुसऱ्याचं दुःख पाहून तो स्वतःच आजारी पडायचा. मठाचे प्रमुख सिरिल नाप समंजस गृहस्थ होते. त्यांनी त्याला शिक्षकाच्या कामाला पाठवलं.

शिक्षक म्हणून तो मुलांचा आवडता, पण कायम शिक्षक होण्याची परीक्षा काही तो उत्तीर्ण झाला नाही! 1850 मध्ये नापास झाला. मग मठानं त्याला दोन वर्षं व्हिएन्ना विद्यापीठात पाठवलं. तिथं भौतिकशास्त्र, गणित, वनस्पतिशास्त्र असं बरंच शिकून तो आला. 1856 मध्ये परत परीक्षेला बसला, पण ऐन परीक्षेत तब्येत बिघडली आणि ती राहून गेली ती गेलीच. जगाला आनुवंशिकतेचे नियम शिकवणारा हा माणूस आयुष्यभर कागदोपत्री बदली शिक्षकच राहिला. निकालाच्या दिवशी तोंड लपवणाऱ्या आपल्या मुलांना हे जरूर सांगा.

त्याच 1856 साली मठाच्या आवारात त्यानं वाटाण्याचे प्रयोग सुरू केले. बाग म्हणजे सुमारे 35 मीटर लांब आणि 7 मीटर रुंद अशी एक पट्टी. वाटाणाच का? कारण तो लवकर येतो, जागा थोडी लागते, आणि मुख्य म्हणजे त्याच्या फुलात नर-मादी दोन्ही भाग असल्यानं तो आपला आपणच फळतो. वाण शुद्ध राहतं. त्यानं 34 वाणं आणून दोन वर्षं आधी पारखून घेतली. मग सात गुण निवडले. दाणा गोल की सुरकुतलेला, पिवळा की हिरवा, झाड उंच की बुटकं, असे सरळ दिसणारे.

काम किती किचकट असेल कल्पना करा. कळी उमलायच्या आत तिच्यातले पुंकेसर चिमट्यानं काढायचे, दुसऱ्या झाडाचे परागकण ब्रशनं तिला लावायचे, वर पिशवी बांधायची, म्हणजे माश्या-किडे मधे लुडबुड करणार नाहीत. मग शेंगा वाळल्या की दाणे सोलून एकेक मोजायचा. आठ वर्षं, जवळपास 28,000 झाडं! आपण पावशेर वाटाणा सोलताना कंटाळतो.

आता मुख्य गोष्ट. गोल दाण्याच्या झाडाचा त्यानं सुरकुतलेल्या दाण्याच्या झाडाशी संकर केला. दाणे आले ते सगळे गोल. सुरकुतलेला एकही नाही. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, गेला तो गुण. मेंडेलनं ते गोल दाणे पुढच्या वर्षी पेरले आणि त्यांना आपापलं फळू दिलं. 7,324 दाणे मिळाले. त्यात 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले. नाहीसा झालेला गुण नातवंडांत परत हजर, आणि तोही जरासुद्धा फिका न पडता! प्रमाण तिनास एक. बाकीच्या सहा गुणांतही हेच प्रमाण आलं.

याचा अर्थ त्यानं लावला तो असा. प्रत्येक गुणासाठी झाडाजवळ दोन चिठ्ठ्या असतात असं समजा. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. पुढच्या पिढीला देताना झाड त्यातली एकच देतं, कुठली ते नशिबावर. दोन्ही चिठ्ठ्यांवर गोल असेल तर दाणा गोल. एकीवर गोल आणि दुसरीवर सुरकुतलेला असेल तरीही दाणा गोलच दिसतो. म्हणून गोल हा प्रभावी. दोन्हींवर सुरकुतलेला असेल तरच तो गुण डोळ्यांना दिसतो. म्हणून तो अप्रभावी. वरून एकसारखे दिसणारे गोल दाणे आतून एकसारखे नसतात, हेही त्यानं पडताळून पाहिलं. त्या गोल दाण्यांपासून 565 झाडं वाढवली. 193 झाडांनी फक्त गोल दाणे दिले, 372 झाडांनी दोन्ही प्रकारचे. म्हणजे तिनांतले दोन गोल दाणे दुसरी चिठ्ठी पोटात लपवून होते. आज आपण त्या चिठ्ठीला जनुक म्हणतो आणि ती लपवून बाळगणाऱ्याला वाहक.

बरं, हा मागे सरलेला सुरकुतलेला वाटाणा कमअस्सल आहे का? गंमत ऐका. 1990 मध्ये शास्त्रज्ञांनी शोधून काढलं, की त्या दाण्यात साखरेपासून स्टार्च तयार करणाऱ्या एका जनुकाचं काम बिघडलेलं असतं. त्यामुळे साखर जास्त उरते, दाणा पाणी जास्त धरतो आणि वाळताना आकसतो. हिवाळ्यात मटारच्या उसळीला, पुलावाला आपण जो गोड मटार शोधतो, तो बहुतेक याच जातकुळीतला. रगड्याचा पांढरा कडक वाटाणा मात्र गोल. आता सांगा, कोण भारी?

म्हणून हा शब्द वापरताना तीन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. पहिली, प्रभावी म्हणजे चांगला आणि अप्रभावी म्हणजे वाईट असं नाही. काही गंभीर आजारांची जनुकं प्रभावी असतात. दुसरी, प्रभावी म्हणजे सगळीकडे आढळणारा असंही नाही. हाताला सहावं बोट येण्याचा गुण बरेचदा प्रभावी असतो, तरी सहा बोटांची माणसं किती दिसतात? उलट रक्तगट ओ अप्रभावी आहे, आणि जगात सगळ्यात जास्त माणसं त्याच गटाची आहेत. तिसरी, सगळेच गुण असे दोन चिठ्ठ्यांवर ठरत नाहीत. उंची, त्वचेचा रंग, डोळ्यांचा रंग यांमागे अनेक जनुकं मिळून काम करतात. म्हणून गोरेपणाचा हिशेब मेंडेलच्या तक्त्यात मांडायला जाऊ नका. आणि मुलगा की मुलगी, हा प्रश्न तर प्रभावी-अप्रभावीचा नाहीच. ते ठरतं बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर.

रक्तगटाची गोष्ट जरा थांबून सांगते, कारण ती संसारापर्यंत पोचते. माझ्या ओळखीच्या एका घरात नवऱ्याचा गट ए, बायकोचा बी. मुलाचा निघाला ओ. कॉलेजात ओळखपत्रासाठी केलेल्या तपासणीत हे कळलं, आणि घरात महिनाभर बोलणं बंद. बायकोकडे संशयानं पाहिलं गेलं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून कागदावर चिठ्ठ्या मांडून दाखवल्या. नवऱ्याकडे एक ए आणि एक लपलेला ओ, बायकोकडे एक बी आणि एक लपलेला ओ. दोघांनी आपापला ओ दिला की मूल ओ गटाचं. यात विचित्र काही नाही, आणि चारित्र्याचा तर संबंधच नाही.

याहून नवलाची गोष्ट आपल्या मुंबईतली. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवाच रक्तगट जगापुढे आणला. तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. नेहमीच्या तपासणीत या व्यक्ती ओ गटाच्या वाटतात, पण त्यांना ओ गटाचं रक्त चालत नाही. त्यांच्याच गटाचं लागतं. हा गुणही अप्रभावी. आई आणि बाप दोघांकडून ती दुर्मीळ चिठ्ठी आली तरच तो उघड होतो.

आणि आता सगळ्यात कळीचा मुद्दा. थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे दोन आजार याच नियमानं चालतात. आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. एकच चिठ्ठी असलेला माणूस वाहक. तो सहसा धडधाकट असतो. फार तर हिमोग्लोबिन थोडं कमी. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर मात्र प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. निम्मी शक्यता वाहक होण्याची, आणि चारात एक पूर्ण मोकळं असण्याची. हे प्रत्येक वेळी नव्यानं मोजायचं, बरं का! पहिलं आजारी झालं म्हणजे पुढची तीन निरोगीच, असा त्याचा अर्थ नाही. चिठ्ठ्या दर वेळी नव्यानं उचलल्या जातात.

नीट बघा, अशा आजारात मूल आजारी असेल तर ती चिठ्ठी दोघांकडूनही आलेली असते. नुसती आईकडून येऊन भागतच नाही. तेव्हा सुनेनं माहेरून आणलं, हे बोलणं विज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाही. आणि मामाच्या मुलीशी लग्न करायची आपल्याकडे जी रीत आहे, तिथंही हाच शब्द आडवा येतो. एकाच आजी-आजोबांकडून तीच लपलेली चिठ्ठी दोन्हीकडे उतरलेली असण्याची शक्यता वाढते. घराण्यात आजार दिसला नाही म्हणजे चिठ्ठी नाही, असं समजू नये.

मेंडेलकडे परत येऊ. 1865 च्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यात त्यानं ब्रुनच्या निसर्गविज्ञान मंडळासमोर हे काम वाचून दाखवलं. 1866 मध्ये ते छापून आलं. प्रभावी-अप्रभावी हे शब्द त्यात आहेत. त्यानं 40 प्रती वेगळ्या काढून घेतल्या, काही नामवंतांना पाठवल्या. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. म्युनिकच्या नेगेली या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञानं पत्रव्यवहार ठेवला, पण महत्त्व काही ओळखलं नाही. उलट त्याच्याच आवडीच्या हॉकवीड या झाडावर मेंडेलनं प्रयोग केले आणि त्यात त्याचे नियम जुळेनात. ते झाड परागकणांशिवायच बी धरतं, हे त्या वेळी कुणाला ठाऊक नव्हतं.

1868 मध्ये तो मठाचा प्रमुख झाला. जबाबदाऱ्या वाढल्या. 1874 मध्ये सरकारनं मठांवर नवा कर बसवला. तो अन्यायाचा वाटला म्हणून मेंडेलनं भरायचं नाकारलं आणि शेवटपर्यंत एकाकी भांडत राहिला. मधमाश्या पाळणं आणि रोजच्या हवामानाच्या नोंदी हा त्याचा विरंगुळा. 6 जानेवारी 1884 रोजी मूत्रपिंडाच्या आजारानं तो गेला. शहरानं एक सज्जन धर्मगुरू गेला म्हणून शोक केला. एक शास्त्रज्ञ गेला, हे फारसं कुणाला कळलंच नाही. त्याची बरीच कागदपत्रं पुढं मठात जाळली गेली.

आणि मग 1900 साल उजाडलं. हॉलंडचे डी व्हरीस, जर्मनीचे कोरेन्स आणि ऑस्ट्रियाचे चेरमाक हे तिघं आपापल्या प्रयोगांतून त्याच नियमांपाशी पोचले. जुने अंक चाळताना त्यांना कळलं, की हे 34 वर्षांपूर्वीच कुणीतरी लिहून ठेवलंय. बाजूला पडलेलं काम परत वर आलं, जरासुद्धा फिकं न पडता.

थेरेसियाचं काय झालं, हे मला नेहमी विचारावंसं वाटायचं. तिचं लग्न झालं, तिला तीन मुलगे झाले. आणि भाऊ तिचं देणं विसरला नव्हता. तिन्ही भाच्यांच्या शिक्षणाला मेंडेलनं हात दिला. त्यातले दोघं डॉक्टर झाले. तिनं सोडलेला तो वाटा असा पुढच्या पिढीत परत आला. भावाच्या शोधावर ग्रंथ लिहिले गेले, तिच्या वाट्याला त्यात एखाद-दुसरी ओळ आली. पण ती ओळ वगळली, तर पुढचं काहीच घडत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलामुलींची लग्नं ठरवताना पत्रिका बघायची तर खुशाल बघा. सोबत थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठीची रक्ततपासणीही करून घ्या. दोघांची, फक्त मुलीची नाही. लग्न होऊन गेलं असेल तर दिवस राहण्याआधी, नाहीतर राहिल्या राहिल्या लगेच डॉक्टरांना विचारा. कुणी वाहक निघालं तर तो दोष नाही, डागही नाही, आणि वाहक मुलीचं लग्न मोडायचं तर काहीच कारण नाही. जोडीदार वाहक नसला, तर मुलं त्या आजारातून मोकळीच. दोघंही वाहक असले, तरी डॉक्टरांच्या सल्ल्यानं आधीपासून काळजी घेता येते. तेवढं कळण्यासाठी रक्ताचे चार थेंब पुरतात.